नवीन लेझर चिप किती टिकेल हे कसं काढायचं: रिलायबिलिटीच्या कामात नव्याने आलेल्यांसाठी

"ताई, टेस्टची लिस्ट पाठवा ना, चिप पास करून घ्यायचीय." असा मेसेज मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो, कधी एक्सटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमची इंजिनिअरिंग करून नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलाकडून तर कधी फिजिक्समध्ये एमएससी केलेल्या मुलीकडून. लिस्ट मी देते, पण त्याआधी दरवेळी एकच विचारते, की तुमची चिप मरते कशी ते माहितीये का? बहुतेक वेळा उत्तर येतं की अजून एकही मेली नाही. मग लिस्टचा काही उपयोग नाही, कारण ती लिस्ट जुन्या चिप ज्या ज्या कारणांनी मेल्या त्यावरून बनलीये, आणि तुमची चिप नवीन आहे, ती कदाचित वेगळ्याच कारणाने मरेल.

हे इतकं मनापासून का सांगते त्याला कारण आहे. आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालून येणाऱ्या फायबर केबल जमिनीवर चढतात. त्या केबलमध्ये साधारण ६० ते १०० किलोमीटरवर एक रिपीटर, म्हणजे मंद झालेला सिग्नल पुन्हा वाढवणारा डबा, असतो, त्यात त्या वाढीसाठी ऊर्जा देणारे पंप लेझर असतात, आणि सगळी सिस्टीम २५ वर्षं चालेल अशी डिझाइन करतात. त्यातला एखादा लेझर गेला तर समुद्राच्या तळाशी माणूस पाठवून बदलता येत नाही, जहाज पाठवून केबल वर ओढावी लागते. म्हणून तिथे जोडीला जादा लेझर ठेवलेले असतात. आपण जो आकडा कागदावर लिहितो त्यावर कोणीतरी असा निर्णय घेतं, हे डोक्यात असू द्या.

थोडा इतिहास, कारण कामाची पद्धत त्यातूनच कळते. सेमिकंडक्टर लेझर १९६२ मध्ये बनला पण तो अतिथंड तापमानाला आणि पल्समध्येच चालायचा. रूम टेंपरेचरला सतत चालणारा लेझर १९७० मध्ये झाला, लेनिनग्राडला अल्फेरोव्हच्या ग्रुपने आणि अमेरिकेत बेल लॅब्समध्ये हायाशी आणि पॅनिश यांनी. पण हे सुरुवातीचे लेझर काही मिनिटं, फार तर काही तास चालायचे आणि विझायचे. मग बेल लॅब्सच्या लोकांनी मेलेल्या लेझरच्या आत डोकावून बघितलं, तर प्रकाश देणाऱ्या पट्टीत काळ्या रेघा दिसल्या, १९७३ ची गोष्ट. क्रिस्टलमध्ये आधीच असलेली एक छोटी चूक, डिसलोकेशन म्हणतात तिला, ती करंट चालू असताना वाढत जाते आणि जिथे वाढते तिथे प्रकाशाऐवजी नुसती उष्णता निघते. एकदा हे कळल्यावर चांगला सब्स्ट्रेट (ज्यावर क्रिस्टल वाढवतात तो पाया) घ्या, क्रिस्टल स्वच्छ वाढवा, ताण कमी ठेवा ही दिशा मिळाली, आणि १९८८ मध्ये अटलांटिकखालून पहिली फायबर केबल गेली. आधी मरणाचं कारण सापडलं, आयुष्य त्याच्यानंतर वाढलं.

आता प्रत्यक्ष काम.

सगळ्यात आधी चेंबरजवळ (चिपला गरम-दमट ठेवून टेस्ट करायची पेटी) जाऊ नका, कागद घ्या. चिपचा आडवा छेद काढा आणि प्रत्येक थराला, प्रत्येक जोडाला विचारा की तू कसा बिघडशील. लेझरचं टोक, म्हणजे जिथून प्रकाश बाहेर पडतो तो फॅसेट, तिथे थोडा प्रकाश शोषला जातो, त्याने टोक तापतं, तापलं की तिथला बँडगॅप (प्रकाश शोषायला लागणारी किमान ऊर्जा) कमी होतो, बँडगॅप कमी झाला की अजून प्रकाश शोषला जातो, आणि हे चक्र एवढ्या वेगाने फिरतं की डोळ्याचं पातं लवायच्या आत फॅसेट वितळतो. याला सीओडी, म्हणजे कॅटॅस्ट्रॉफिक ऑप्टिकल डॅमेज म्हणतात. गॅलियम आर्सेनाइडच्या पंप लेझरला ही भीती मोठी, इंडियम फॉस्फाइडच्या १३१० किंवा १५५० नॅनोमीटरच्या लेझरला बरीच कमी. म्हणजे तुमचं मटेरियल काय आहे यावरून भीतीची यादी बदलते.

सिलिकॉन फोटॉनिक्सवर, म्हणजे सिलिकॉनच्या चिपवरून प्रकाश फिरवण्याच्या कामात असाल तर गोष्ट अजून वेगळी. सिलिकॉन स्वतः प्रकाश जवळजवळ देतच नाही, म्हणून लेझर दुसऱ्या मटेरियलचा आणून चिकटवावा लागतो किंवा वर वाढवावा लागतो. गॅलियम आर्सेनाइड आणि सिलिकॉन यांच्या जाळीच्या मापात सुमारे ४ टक्के फरक आहे, त्यामुळे थेट वाढवलं की डिसलोकेशन येतातच. तिथे क्वांटम डॉट (अतिसूक्ष्म ठिपक्यांतून प्रकाश देणारे) लेझर जास्त तग धरतात कारण चार्ज डॉटमध्ये अडकून बसतो, चुकीच्या जागेपर्यंत कमी पोचतो. मग रिंग रेझोनेटर घ्या, ठरावीक वेव्हलेंग्थ निवडणारी प्रकाशाची गोल वाट, तो मरत नाही पण त्याची वेव्हलेंग्थ सरकते, एका डिग्रीला साधारण ०.०८ नॅनोमीटर. दहा डिग्री बदलली की ०.८, म्हणजे १५५० च्या आसपास १०० गिगाहर्ट्झचं एक अख्खं चॅनल. त्याला जागेवर धरून ठेवायला हीटर असतो, आणि वर्षानुवर्षं तापणारा तो बारीक हीटरच पुढे जाऊन बिघडतो. लिथियम नायोबेटच्या पातळ फिल्मचा मॉड्युलेटर (प्रकाशावर सिग्नल चढवणारा भाग) असेल तर त्याचा डीसी बायस, म्हणजे त्याला जागेवर धरणारं स्थिर व्होल्टेज, हळूहळू वाहत जातो. यातलं काहीही चिप "जळणं" नाही, तरी सिस्टीमच्या दृष्टीने बिघाडच आहे, म्हणून बिघाड म्हणजे काय हे आकड्यात आधीच लिहून ठेवा. लेझरला बऱ्याच ठिकाणी तेवढाच प्रकाश द्यायला ५० टक्के जास्त करंट लागला की तो गेला असं धरतात. तुमचा आकडा तुमच्या सर्किटवरून ठरवा, ड्रायव्हर मुळात किती करंट देऊ शकतो ते बघा.

पॅकेजिंगला विसरू नका. नवीन मुलं चिपवर जीव ओततात आणि गोंदाकडे बघतही नाहीत. सिंगल मोड फायबरचा गाभा ९ मायक्रॉनच्या आसपास असतो आणि सिलिकॉनचा वेव्हगाइड साधारण अर्धा मायक्रॉन रुंद आणि ०.२२ मायक्रॉन जाड, त्यामुळे फायबर धरून ठेवणारा गोंद पावसाळ्यात दारं फुगतात तसा जरासा जरी फुगला तरी प्रकाश निसटतो. प्रसरणाचंही तसंच, इंडियम फॉस्फाइड डिग्रीला दहा लाखात साडेचार भाग पसरतं, अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडही जवळपास तेवढंच (म्हणून चिप त्याच्या बैठकीवर बसवतात), पण तांबं १७ भाग, म्हणून चिप सरळ तांब्यावर कडक सोल्डरने बसवली तर गरम-थंड होताना ताण चिपवर येणार. आणि ९८० नॅनोमीटरच्या पंप लेझरची गोष्ट तर प्रत्येकाने ऐकली पाहिजे. हवाबंद डबीत सगळं स्वच्छ आहे असं समजायचे, पण गोंद-फ्लक्सची सेंद्रिय वाफ आत अडकायची, लेझरच्या प्रकाशाने फुटायची आणि कार्बन होऊन फॅसेटवर बसायची. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेल्यावर झाकण कितीही घट्ट लावा, तसंच. उपाय निघाला डबीत मुद्दाम थोडा ऑक्सिजन ठेवायचा, म्हणजे तो कार्बन जळून जातो. पण ऑक्सिजन आणि धातूतून सुटणारा हायड्रोजन मिळून पाणी होऊ शकतं, म्हणून मग पाणी शोषणारा गेटरही लागतो. एक उपाय केला की त्याच्या पोटात दुसरा धोका असतो, तोही कागदावर लिहायचा.

मोजमाप नीट बसवल्याशिवाय पुढे जाऊ नका

प्रत्येक चिपची एलआयव्ही कर्व्ह घ्या, म्हणजे करंट वाढवत नेताना प्रकाश आणि व्होल्टेज किती. थ्रेशोल्ड करंट (जिथून लेझर सुरू होतो), स्लोप (त्यापुढे करंटमागे प्रकाश किती वाढतो), कुठे कर्व्ह मोडतेय का, स्पेक्ट्रम, आणि उलट्या दिशेचा लीकेज करंट. हा शेवटचा बरेच जण घेत नाहीत, पण स्टॅटिकचा झटका बसलेली चिप प्रकाश नीट देत असते आणि फक्त उलटा लीकेज वाढलेला असतो, म्हणजे पहिला पुरावा तिथेच मिळतो.

स्टॅटिकबद्दल मुंबईतल्या मुलांचा एक गैरसमज असतो, की इथली हवा एवढी दमट, स्टॅटिक कुठून येणार. बाहेर दमट आहे, एसी लॅबमध्ये नाही. आणि माणसाला झटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टला, लेझर त्याच्या कितीतरी आधी, काहीशे व्होल्टलाही जखमी होऊ शकतो. म्हणजे तुम्हाला काहीच कळलं नाही तरी चिप गेलेली असू शकते. रिस्ट स्ट्रॅप रोज मीटरवर तपासा, नुसता हातात घालून भागत नाही.

दुसरी मुंबईची गोष्ट म्हणजे दव. चिप २० डिग्रीला धरून मोजायची असते, आणि खोलीत ३० डिग्री आणि ८० टक्के आर्द्रता असेल, जूनमध्ये एसी बंद पडला की असतेच, तर दव २६ डिग्रीलाच पडायला लागतं. म्हणजे तुमच्या थंड चिपवर थंड पाण्याच्या ग्लासवर येतात तसे थेंब. कोरड्या नायट्रोजनची बारीक धार चिपवर सोडा, आणि लॅबच्या भिंतीवर तापमान-आर्द्रतेचा मीटर लावा, त्याची नोंद डेटासोबत ठेवा.

आणि दोन-तीन चिप अशा ठेवा ज्यांना कधीच ताण द्यायचा नाही, फक्त दरवेळी मोजायच्या. त्यांचाही प्रकाश कमी आला तर चिप बिघडलेली नाही, तुमचा सेटअप बिघडलाय, आणि बहुतेक वेळा फायबरचा कनेक्टर घाण असतो. मी असे कित्येक "फेल्युअर" पाहिलेत जे आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि लिंट न सोडणाऱ्या पुसणीने बरे झाले. डोळ्यांचं मात्र गंभीरपणे सांगते, हा सगळा प्रकाश दिसत नाही, कनेक्टर तपासायच्या आधी लेझर बंद, आणि फायबरच्या टोकात कधीही डोळा लावून बघायचं नाही, आयआर कार्ड (इन्फ्रारेड प्रकाश पडला की उजळतं ते) किंवा स्क्रीनवाला स्कोप वापरा.

आता चिप मुद्दाम मारा

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच आणि सगळ्यात जास्त गाळली जाणारीही हीच, कारण मॅनेजरला चिप फुकट घालवल्यासारखं वाटतं. पाच-दहा चिप घ्या, त्यातल्या काहींचं करंट पायरीपायरीने वाढवा, काहींचं तापमान, प्रत्येक पायरीवर ठरावीक तास थांबा, मोजा, पुढची पायरी. मरेपर्यंत. यातून तीन गोष्टी कळतात. कुठला भाग आधी जातो, तुमच्या रोजच्या वापरापासून मरणापर्यंत अंतर किती आहे, आणि लांब टेस्टला ताण किती देता येईल. फार जास्त ताण दिलात तर असं काहीतरी वितळेल जे गिऱ्हाइकाकडे कधीच वितळणार नाही, आणि त्या डेटावरून काढलेला आकडा खोटा. कुकरला पाच शिट्ट्या जास्त काढून डाळ भांड्याला लागली, त्यावरून मंद आचेवर डाळ कशी शिजते ते कळत नाही.

मेलेल्या प्रत्येक चिपचं पोस्टमॉर्टेम लगेच करा. आधी न फोडता बघायचं, मायक्रोस्कोपखाली, मग कमी करंट देऊन ती कुठे उजळते आणि कुठे काळी पडते ते इन्फ्रारेड कॅमेऱ्याने, आणि मगच कापाकापी, एसईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) वगैरे. क्रम उलटा केला की पुरावा गेला.

इतकं झाल्यावर स्टँडर्डकडे वळा. टेलिकॉममध्ये टेलकॉर्डियाचं जीआर-४६८ चालतं, गाड्यांसाठी एईसी-क्यू१०२. त्यात धक्का, कंपन, उणे ४० ते ८५ डिग्रीचे फेरे, ८५ डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रतेची दमट टेस्ट, आणि हजारो तास गरम चालवून बघणं हे सगळं येतं. बऱ्याच टेस्टना ११ नग घेतात आणि एकही फेल चालत नाही. ११ च का ते समजून घ्या. लॉटमधले (एका खेपेत बनलेल्या मालातले) २० टक्के नग खराब असतील तर अकराच्या अकरा पास होण्याची शक्यता ०.८ चा अकरावा घात, म्हणजे साधारण ८.६ टक्के, दहापेक्षा कमी. म्हणजे "११ पैकी ११ पास" याचा अर्थ एवढाच की लॉटमधले वीस टक्के नग खराब नसावेत, असं ९० टक्के खात्रीने म्हणता येतं. दहा टक्के खराब असू शकतात! दहावर आणायचं तर २२ नग लागतात. हे गणित मी प्रत्येक नवीन माणसाला स्वतःच्या हाताने करायला लावते कारण त्यानंतर "पास" या शब्दाकडे तो वेगळ्या नजरेने बघतो. आणि नग एकाच वेफरचे (ज्या चकतीतून चिप कापतात तिचे) घेऊ नका, निदान तीन वेगवेगळ्या लॉटचे घ्या, वेफरच्या मधले आणि कडेचे दोन्ही.

लांब टेस्ट लावताना लक्षात ठेवा की चेंबर ८५ डिग्रीला आहे म्हणजे चिप ८५ ला नाही. लेझरला १५० मिलीअँपिअर आणि १.६ व्होल्ट दिले तर ०.२४ वॉट आत जातात, समजा ०.०३ वॉट प्रकाश बनून बाहेर, उरलेले ०.२१ वॉट उष्णता. थर्मल रेझिस्टन्स वॉटला ४० डिग्री असेल तर चिप आठ डिग्रीने जास्त गरम आहे. डीएफबी (एकच नेमकी वेव्हलेंग्थ देणाऱ्या) लेझरची वेव्हलेंग्थ डिग्रीला साधारण ०.१ नॅनोमीटर सरकते, त्यावरून हे तापमान थेट मोजता येतं, अंदाजावर ठेवू नका.

एका जुलैतली गोष्ट सांगते. दमट टेस्ट चालू होती, ६२० तास झालेले, आणि पावसाने लोकल बंद पडल्या, दोन दिवस कोणालाच लॅबला पोचता आलं नाही, चेंबरच्या टाकीतलं डीआय (क्षार काढलेलं) पाणी संपलं आणि आर्द्रता खाली आली, किती वेळ खाली होती त्याची नोंदही नव्हती कारण लॉगर चेंबरच्या त्याच सप्लायवर होता आणि तोही मधे बंद पडलेला. सगळी टेस्ट पहिल्यापासून लावावी लागली. तेव्हापासून मे संपायच्या आत मी मोठी टाकी, वेगळ्या यूपीएसवर लॉगर, फोनवर अलार्म आणि लॅबपासून चालत येण्याएवढ्या अंतरावर राहणाऱ्या एका माणसाचं नाव, हे सगळं लिहून घेते.

आकडा काढताना

तापमानाचा हिशेब अर्‍हेनियसच्या सूत्राने होतो आणि सगळा खेळ अ‍ॅक्टिव्हेशन एनर्जीवर आहे, म्हणजे तापमान वाढल्यावर बिघाड किती भरभर वाढतो ते ठरवणाऱ्या आकड्यावर. समजा ८५ डिग्रीला २००० तास टेस्ट केली आणि चिप प्रत्यक्षात ४० ला चालणार आहे. एनर्जी ०.७ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली तर टेस्टचा एक तास म्हणजे वापराचे २६ तास, एकूण ५२,००० तास, जवळपास सहा वर्षं. तीच ०.४ धरली तर एकाचे साडेसहाच्या आत, एकूण सुमारे १२,९०० तास, म्हणजे दीड वर्ष. डेटा तोच, चिप त्याच, फक्त एक आकडा कुठल्या तरी जुन्या रिपोर्टमधून उचलला आणि सहाचं दीड झालं किंवा दीडचं सहा. म्हणून नवीन चिपसाठी ही एनर्जी उसनी घ्यायची नाही, निदान तीन तापमानांना टेस्ट लावून, समजा ७०, ८५ आणि १००, स्वतः काढायची. तीन बिंदू एका रेषेत येत नसतील तर वरच्या तापमानाला वेगळंच काहीतरी बिघडतंय, तिथे थांबून शोधा.

चिप मरायची वाट न बघता ती किती उतरतेय त्यावरूनही अंदाज लावता येतो. ८५ ला २००० तासांत करंट ३ टक्के वाढला आणि वाढ सरळ रेषेत राहिली तर ५० टक्क्यांपर्यंत ३३,००० तासांच्या आसपास लागतील, ०.४ च्या हिशेबाने ४० डिग्रीला चोवीस वर्षांच्या थोडं वर. पण "सरळ रेषेत राहिली तर" हे शब्द रिपोर्टमध्ये राहू द्या, ते खोडू नका.

एकही फेल नाही म्हणजे फेल्युअर रेट शून्य, असं कधीही लिहू नका. १०० लेझर ५००० तास चालवले, एकही गेला नाही, २६ पट वेग धरला तर १ कोटी ३० लाख डिव्हाइस-तास झाले. अब्ज तासांत किती बिघाड या मापाला फिट म्हणतात, त्या मापात ६० टक्के खात्रीने सुमारे ७० फिट आणि ९० टक्के खात्रीने १७७ फिटच्या आत, इतकंच म्हणता येतं. समोरचा नुसता ७० लिहून आणेल तेव्हा विचारा, किती टक्के खात्रीने आणि एनर्जी किती धरून.

दमटपणासाठी पेकचं मॉडेल वापरतात, त्यात आर्द्रतेचा साधारण तिसरा घात येतो. म्हणजे ५० टक्के आर्द्रतेऐवजी आपल्या पावसाळ्यातली ८० टक्के धरली, तापमान तेच, तर चिप चौपट वेगाने झिजते. बाहेरून आलेल्या डेटाशीटमध्ये एसी सर्व्हर रूम गृहीत धरलेली असते आणि आपलं बॉक्स भांडुपला गच्चीवर लागणार असतं, म्हणून कुठलं वातावरण धरलंय ते आधी वाचा. बॉक्स चालू असताना आतून गरम राहतं त्यामुळे आतली आर्द्रता बाहेरपेक्षा कमी असते, खरा त्रास रात्री बंद पडणाऱ्या किंवा गोदामात महिनोन्‌महिने पडून असलेल्या मालाला.

बर्न-इन थोडक्यात, विकायच्या प्रत्येक नगाला काही तास गरम चालवायचं, मडकं घेताना वाजवून घेतो तसं, कच्चे नग तिथेच कळतात. तास किती ते स्वतःच्या डेटावरून ठरवा.

मुंबईत शिकायचं कुठे हेही विचारतात. पवईला आयआयटीत नॅनोफॅब (चिप बनवायची लॅब) आहे आणि आयएनयूपी या सरकारी प्रोग्रॅममधून बाहेरच्या कॉलेजच्या लोकांना तिथे हाताने काम शिकता येतं. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये क्रिस्टल वाढवणारे लोक आहेत, त्यांची पब्लिक लेक्चर सोडू नका. अंधेरीला सीप्झसमोर ईआरटीएल ही सरकारी टेस्ट लॅब आहे, तिथे पर्यावरण टेस्टचे चेंबर आणि कॅलिब्रेशन कसं चालतं ते कळतं. घरी सराव करायचा तर लॅमिंग्टन रोडवरून साधे एलईडी घ्या, वीस घ्या, दहाला रेटिंगएवढा करंट आणि दहाला दुप्पट, एक फोटोडायोड आणि एक डबा, रोज ठरल्या वेळी मोजा आणि वहीत लिहा. महिनाभरात स्वतःचा उतरता ग्राफ हातात येईल, आणि त्यातला एखादा एलईडी बाकीच्यांच्या आधी का गेला हे शोधायला तुम्ही बसाल. तो गेलेला एलईडी फेकू नका, छोट्या पुडीत घालून वर तारीख, तास आणि करंट लिहा.